आता उलट

माझ्या बाबांच्या ताटाची कड लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे आहे. जेवण उरकत आलं की त्या कडेवर माशाचे काटे ओळीने मांडलेले असत. मोठे एका टोकाला, बारीक दुसऱ्या टोकाला, एकही तिरपा नाही. मासा खाताना ते बोलत नसत. बोटांचं आणि जिभेचं आपसात काहीतरी चाललेलं असायचं आणि आम्ही मुलं घास हातात धरून ते बघत राहायचो. मधला कणा ते एका ओढीत सोडवून घेत, न मोडता, जसाच्या तसा.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मासा सोडला. तसं बोलून दाखवलं नाही, फक्त वाढायला गेलं की ‘मला नको’ म्हणायला लागले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार बळावला होता. ह्या आजारात नजरेचा मधला भाग पुसट होत जातो आणि कडेचा शाबूत राहतो. समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. ताट दिसतं, ताटातला काटा दिसत नाही. एका रात्री काटा घशात रुतला. निघाला, पण तोवर पहाट व्हायला आली होती. त्यानंतरचं ते ‘नको’.

फिलेट, म्हणजे कण्यापासून सोडवलेली माशाची आडवी फोड, घरात आलं ते ह्या ‘नको’वर तोडगा म्हणून. तोवर मी ते कधी घेतलं नव्हतं. ज्याला डोकं नाही, शेपूट नाही, कल्ले उघडून बघायची सोय नाही, असा मासा पारखायचा कशावरून, हा माझा प्रश्न असायचा. तो बाबांनीच सोडवला. पहिलं पाकीट उघडलं तेव्हा त्यांनी ते मागून घेतलं, नाकाशी नेलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘ताजा आहे. काकडीचा वास येतोय.’

मला वाटलं, भास असेल. पुढे वाचनात आलं तेव्हा कळलं की भास नव्हता. अगदी ताज्या माशाच्या कातडीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याच्या चरबीतल्या स्निग्धाम्लांचे तुकडे करतात, आणि त्यातून जे रेणू तयार होतात तसल्याच रेणूंमुळे काकडीला आणि नुकत्या कापलेल्या गवताला हिरवट वास येतो. आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो नंतरचा. खाऱ्या पाण्याने अंगातलं पाणी ओढून नेऊ नये म्हणून समुद्री मासे ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य शरीरात बाळगतात. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करून टाकतात आणि मग ते नाकाला झोंबायला लागतं. लिंबू पिळल्यावर हा वास बसतो, तो लिंबाच्या वासाखाली झाकला जातो एवढ्यापुरताच नाही. आम्लाशी संयोग झाला की त्या द्रव्याचा क्षार बनतो आणि ते हवेत उडायचं थांबतं.

पहिल्या दिवशी मी फिलेट वाफवलं. बाबांनी संपवलं. ‘मऊ आहे,’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता, मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, ‘जळका वास हवा होता.’

मागच्या अंगणात एक ग्रिल पडून होता. गोल, घुमटासारखं झाकण असलेला, कोळशावरचा. ह्या आकाराची गोष्ट मला फार आवडते. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स ह्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस कामाला होता. तिथे पाण्यावर तरंगणारे, जहाजांना वाट दाखवणारे बोये बनत. उघड्या शेगडीवरच्या वाऱ्याला आणि धुराला कंटाळलेल्या स्टीफननं १९५२ साली असाच एक धातूचा गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याची शेगडी केली आणि वरच्याचं झाकण. समुद्राची खूण सांगायला घडवलेल्या आकारात आज माणसं मासे भाजतात.

तर तो ग्रिल मी धुतला, कोळसे पेटवले, फिलेट जाळीवर टाकलं, तीन मिनिटांनी उलथणं खाली सरकवलं आणि वर उचललं. अर्धा मासा उलथण्यावर आला. अर्धा जाळीलाच राहिला. तो खरवडायला गेले तेव्हा त्याचा निम्मा निखाऱ्यांत पडला. मला रडू आलं, कारण बाबा बाजूलाच खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी दुपारपासून दोनदा ‘कधी लावणार?’ विचारलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ओला टाकलास का गं?’

त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं.

मासा जाळीवर पडला की पहिला जो मोठा फसफसाट होतो तो पाण्याचा. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन फुटतं, त्याचा तो आवाज. आणि जोवर हे पाणी आहे तोवर माशाचा वरचा थर १०० अंशांच्या पुढे जातच नाही, खाली निखारे कितीही फुललेले असोत. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. तांबूस कड, खमंग वास, बाबांना हवा होता तो जळकेपणा, हे सगळं घडायला साधारण १४० अंश लागतात. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि शर्करा ह्यांच्यातली ही क्रिया लुई कामिय मेयार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. त्याचं लक्ष स्वयंपाकाकडे नव्हतं, शरीरातली प्रथिनं कशी घडतात ह्याचा तो मागोवा घेत होता. पण आज पावापासून माशापर्यंत जे जे तांबूस भाजलं जातं तिथे त्याचं नाव घ्यावं लागतं.

ओला मासा टाकला की तो आधी स्वतःच्या वाफेत शिजतो. त्याची प्रथिनं ओली आणि सैल असतानाच धातूला धरतात आणि तिथेच घट्ट होतात. मग उचलताना जाळी आणि मासा ह्यांच्यात जे कमजोर असेल ते तुटतं. मासा नेहमीच कमजोर असतो. त्याचंही कारण आहे. जमिनीवरच्या प्राण्याला स्वतःचं वजन पेलावं लागतं, माशाचं वजन पाणी पेलतं. म्हणून माशाचे स्नायुतंतू आखूड असतात, थरांनी रचलेले, आणि दोन थरांच्या मध्ये जोडणाऱ्या ऊतींचा नुसता पातळ पडदा असतो. हा पडदा ५० अंशांच्या आसपासच विरघळायला लागतो. पाकळ्या सुटणं म्हणतो ते हेच. ताटात ज्यासाठी आपण माशाचं कौतुक करतो, त्याच गुणामुळे जाळीवर तो मोडतो.

त्या संध्याकाळनंतर माझा अर्धा वेळ मासा कोरडा करण्यात जातो, आणि मला त्याचा कंटाळा येत नाही. आधी मिठाचं पाणी: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, त्यात १० ते १५ मिनिटं. मीठ आतपर्यंत थोडं मुरतं, पाकळ्या घट्ट राहतात, आणि सॅल्मनवर भाजताना जो पांढरा फेसाळ साका येतो तोही कमी होतो. तो साका म्हणजे आवळलेल्या स्नायूंतून पिळून निघालेलं आणि बाहेर येऊन गोठलेलं प्रथिन. खराब नसतो, पण दिसला की समजावं, आच जास्त झाली. मग मासा बाहेर काढून कापडाने टिपायचा. पुसायचा नाही, टिपायचा. एक कापड ओलं झालं की दुसरं. आणि मग फ्रिजमध्ये, कातडीची बाजू वर करून, काही न झाकता अर्धा तास. बाहेर काढल्यावर कातडीवर बोट फिरवलं तर ते किंचित अडखळलं पाहिजे, कागदावर अडखळतं तसं. बोट सरकन घसरलं तर अजून पाणी आहे.

मसाल्यांबद्दल मला फार सांगायचं नाही. तेल, मीठ, मिरी. लिंबात मुरवत ठेवू नये. आम्लाने माशाचं प्रथिन आच न लावताच गोठतं, वरचा थर पांढरा आणि भुसभुशीत होतो, मग जाळीवर त्याचा चुरा होतो. लिंबू ताटात.

काट्यांबद्दल मात्र सांगायचं आहे. फिलेट म्हणजे बिनकाट्याचा मासा हा माझाही समज होता. सुरी कण्याला आणि बरगड्यांना धरून फिरते, पण मांसात रुतलेले बारीक काटे मागे राहतात. सॅल्मनच्या एका फिलेटमध्ये डोक्याकडच्या टोकापासून मध्याच्या थोडं पुढपर्यंत अशी पंचवीस-तीस काट्यांची रांग असते. वरून काही दिसत नाही. मी भिंग घेऊन, दिव्याखाली धरून शोधायचे आणि तरी एखादा राहायचाच. एकदा बाबांनी विचारलं, ‘मी बघू?’ त्यांनी ‘बघू’ म्हटलं ह्याचं मला त्या क्षणी कसंतरी झालं. मी एक वाडगा पालथा घातला आणि त्यावर फिलेट पसरलं. असं वाकवलं की काट्यांची टोकं वर येतात. बाबांनी उजव्या हाताची तर्जनी शेपटीकडून डोक्याकडे नेली, मग उलट. दुसऱ्या फेरीत थांबले. ‘इथे.’ मला तिथे काहीच दिसत नव्हतं. चिमटा लावला, काटा ज्या दिशेला कललेला होता त्याच दिशेने ओढला, आणि दोन सेंटिमीटरचा, केसाएवढा, जवळपास पारदर्शक काटा बाहेर आला. त्या दिवशी त्यांनी एकूण चार काढले. मी दिव्याखाली तपासून झाल्यावरचे चार.

तेव्हापासून काटे त्यांच्याकडे. आणि मला हळूहळू लक्षात येत गेलं की ह्या सगळ्या कामात डोळ्यांना तसं फार काही करायचंच नाही. मी मात्र सगळं डोळ्यांनीच करायला बघत होते. रंग बदलला का, कड पांढरी झाली का, धूर किती येतोय. म्हणून तर घाई होत होती. डोळे बाहेरचं सांगतात, मासा आत शिजत असतो.

कोळशावर राखेचा पांढरा थर धरला की ते तयार. जाळीवर तळहात धरायचा आणि मनात आकडे मोजायचे. दोन-तीनच्या पुढे हात ठेवता येत नसेल तर आच पुरे. कोळसे एका बाजूला लोटलेले असावेत, म्हणजे मासा गरज पडली तर थंड बाजूला सरकवता येतो. झाकण घालून जाळी दहा मिनिटं तापू द्यायची, खरडून साफ करायची, तेलात बुडवलेल्या कापडाची घडी चिमट्यात धरून तिच्यावरून फिरवायची. एकदा नाही, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी तेल जळून पातळ काळा पापुद्रा धरतो आणि जाळी गुळगुळीत होत जाते. माशालाही तेल लावायचं. मग कातडीची बाजू खाली करून फिलेट ठेवायचं, जाळीच्या सळयांना थोडं तिरकं, म्हणजे उलथणं सळयांच्या बाजूने सरकतं. कातडी आचेने आवळते आणि मासा धनुष्यासारखा वाकायला बघतो. म्हणून पहिले दहा-पंधरा सेकंद उलथण्याने हलकेच दाबून धरायचा. कातडी असलेलं फिलेटच घ्यावं, हे माझं ठाम मत. कातडी ही त्या नाजूक मांसाखाली घातलेली ढाल आहे, आणि खमंगपणा सगळा तिच्यातच आहे. शेपटीकडचा भाग पातळ असतो, तो खाली दुमडून टाकायचा, नाहीतर मधला भाग होईपर्यंत त्याचं लाकूड होतं.

आणि मग काहीही करायचं नाही.

हे सर्वांत अवघड. उचलून बघावंसं वाटतं, सरकवावंसं वाटतं. पण आता आवाज ऐकायचा असतो. सुरुवातीचा ओला फसफसाट हळूहळू बसतो. मग मध्ये एक असा टप्पा येतो की आवाज जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो, आणि त्यातून एक वेगळा, कोरडा, बारीक तडतडाट वर येतो. तो कातडीतल्या चरबीचा. बाबा खुर्चीत पाठ टेकून, मान थोडी एका बाजूला कलती करून बसलेले असतात. मी त्यांच्याकडे बघते, त्यांना मी दिसत नाही. आणि मग ते म्हणतात, ‘आता उलट.’

उलथणं सरकवलं की मासा सुटून येतो. ओढावा लागत नाही. खालचा थर कोरडा होऊन कडक झाला की त्याची धातूवरची पकड सुटते, आणि त्याआधी कितीही नाजूक हाताने उचला, सुटत नाही. सुटत नसेल तर ते उत्तर समजावं आणि आणखी मिनिटभर थांबावं.

किती वेळ, हा प्रश्न सगळे विचारतात. एक इंच जाडीला दहा मिनिटं, दोन्ही बाजू मिळून, असा एक जुना हिशेब आहे. तो कॅनडाच्या मत्स्य खात्याच्या नावावर सांगितला जातो. सुरुवात करायला ठीक. पण उष्णता मांसात आत आत झिरपत जाते आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून जास्त लागतो, त्यामुळे अर्ध्या इंचाच्या आणि दीड इंचाच्या तुकड्याला हा हिशेब सारखा लागू पडत नाही. वेळेचा पाऊण भाग कातडीच्या बाजूला, उरलेला दुसऱ्या बाजूला, हा माझा अनुभव.

झालं की नाही हे ओळखायला अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या सूचना आतलं तापमान ६३ अंश सांगतात. बरेच खानसामे त्याच्या खूप आधी, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे मासा उतरवतात, कारण मग तो रसाळ राहतो. माझ्या घरात जेवणारा माणूस म्हातारा आहे, म्हणून मी ६३ सोडत नाही. थर्मामीटर सर्वांत जाड भागात टोचून ६० दाखवलं की उतरवते. झाकून ठेवल्यावर पुढचे दोन-तीन अंश तो आपला आपण चढतो. सॅल्मन, बांगडा असे तेलकट मासे एवढी आच मजेत सोसतात. कॉडसारखा कमी चरबीचा मासा मात्र इथून पाच अंश पुढे गेला की कापूस होतो, त्याच्याजवळून हलायचं नाही.

थर्मामीटर बाबांना वाचता येत नाही. त्यांनी दुसरी सोय काढली. स्वयंपाकघरात एक पातळ सळई आहे, ती ते जाड भागात खुपसतात. कच्च्या माशात सळई दोन पाकळ्यांच्या मधल्या पडद्याशी अडते, बोटांना बारीकसा धक्का जाणवतो. पडदा विरघळला की ती लोण्यातून जावी तशी जाते. मनात पाच आकडे मोजून ते ती बाहेर काढतात आणि खालच्या ओठाला टेकवतात. गार लागली तर नाही. कोमट, तर थोडं थांब. ओठ मागे घ्यावासा वाटला तर झालं. मी गुपचूप थर्मामीटर लावून त्यांची परीक्षा घ्यायचे. गेल्या उन्हाळ्यापासून घेत नाही. हां, तापमान मात्र अजूनही बघते, कारण म्हातारपणी साधी पोटदुखीही महागात पडते, आणि इथे प्रेमापेक्षा आकड्यावर विसंबलेलं बरं.

मागच्या रविवारी हॅलिबट आणला होता. जाड, पांढराशुभ्र, मोठ्या पाकळ्यांचा. उलटवला तेव्हा जाळीच्या तांबूस रेघा इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की मी नकळत ‘वा’ म्हटलं. ‘काय झालं?’ बाबांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून थंड झालेल्या कडेवरच्या एका रेघेवरून फिरवलं. तिथे पृष्ठभाग थोडा खोल गेलेला असतो, खरखरीत. पुढची रेघ त्यांनी स्वतः शोधली, त्याच्या पुढचीही. ‘सरळ आल्यात,’ म्हणाले.

जेवायला बसलो. लिंबू पिळलं. ते सावकाश जेवत होते, न बोलता, पूर्वीसारखे. मी माझ्या ताटात बघत होते. मध्येच त्यांचं चावणं थांबलं. माझा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, दोन बोटं ओठांशी नेली आणि एक काटा बाहेर काढला. जेमतेम नखाएवढा. त्यांच्या बोटांच्या आणि माझ्या चिमट्याच्या दोघांच्याही नजरेतून सुटलेला.

‘आहे बघ एक,’ ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, उलट काहीतरी हाती लागल्यासारखा आनंद होता. डाव्या हाताने त्यांनी ताटाची कड चाचपली, काटा तिथे ठेवला, आणि बोटाच्या टोकाने ढकलून सरळ केला.